डाव्या बाहीची चेन

उदगिरात शिवगंगाच्या हातचा ब्लाउज एकदा अंगाला लागला, की बाई दुसऱ्या कुणाकडं जात नसे. तीस वर्षं ती मशीनवर बसलेली. दारात बाई उभी राहिली की शिवगंगा मान वर करून एकदा बघणार, आणि टेप गळ्यात तशीच ठेवून मुंढा किती, छाती किती ते सांगून टाकणार. झबली, परकर, शाळेचे फ्रॉक, लग्नातले अस्तराचे ब्लाउज, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. पुरुषाचा कपडा मात्र तिनं कधी धरला नव्हता. आणि चेन लावली होती ती उशीच्या अभ्र्यांना नि बाजाराच्या पिशव्यांना, तेवढीच.

म्हणून त्या गुरुवारी लातूरहून परतताना, एसटीत खिडकीला टेकून बसलेल्या नवऱ्यानं, "शिवगंगे, मला एक हुडी शिवतीस का?" असं विचारलं, तेव्हा आधी तिला तो शब्दच कळला नाही.

"काय शिवू?"

"हुडी. त्या सिंधूच्या अंगात असती बघ. मागं टोपी आन् पुढं चेन."

बाहेर मार्च पेटला होता. गाडीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसत होता. पावसाचं दुसरं साल कोरडं गेलेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना रानं नुसती उघडी पडलेली, आणि हा माणूस गरम कपडा मागत होता. पुढच्या बाकावरचा एकजण वळून बघून हसला. शिवगंगा हसली नाही. तो कशासाठी मागतोय ते तिला ठाऊक होतं.

तिचा नवरा धोंडप्पा बोर्ड रंगवायचा. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. उदगिरातल्या दुकानांच्या पाट्यांवर तोवर 'जि. उस्मानाबाद' असायचं. ते पांढऱ्यानं पुसून 'जि. लातूर' लिहायचं काम निघालं आणि चार महिने धोंडप्पा शिडीवरून उतरला नाही. त्याच कमाईच्या जोरावर पुढं त्यांचं लग्न झालं. मग फ्लेक्स आले, ब्रश वाळून गेले. तरी उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चा निघाला की फलक धोंडप्पाच्याच हातचे. रंगही तोच घालायचा पदरचा. साखरेच्या आजारानं आधी त्याचा एक डोळा अधू केला, आणि दिवाळीच्या तोंडावर दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटेची गाडी धरून लातूर गाठायचं, चार तास मशीनला पडायचं, आणि दुपारच्या गाडीनं परतायचं. मूलबाळ नव्हतं. जे काही करायचं ते शिवगंगानं.

"आपला जिल्हा झाला की सिव्हिल इथंच येतंय," तो गाडीत दमून पडलेला असला तरी सांगायचा. "मशिनी येत्यात. मग चालत जायचं आन् चालत यायचं."

ती 'हाव, हाव' म्हणत मान हलवायची.

डायलिसिसची ती खोली मशिनींसाठी गार ठेवलेली असायची. बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि आत धोंडप्पाचे दात वाजायचे. अंगातलं रक्त नळीतून बाहेर जायचं, मशीनमधून फिरून परत यायचं, आणि तो म्हणायचा, हाडात कुणी गार पाणी ओतल्यासारखं होतंय. सेंटरच्या चादरी पाण्याअभावी धुतल्या जात नव्हत्या. त्यांना वास मारायचा. शाल पांघरली तर घसरायची. स्वेटर डोक्यातून घालायचं, तर डाव्या हाताला दोन जाड सुया टोचलेल्या, आणि तो हात नर्सच्या डोळ्यांसमोर उघडा पाहिजे. शिवगंगा चार तास त्याचे तळपाय हातांनी चोळत बसायची.

शेजारच्या पलंगावर सिंधू असायची. रेणापूरच्या शेतकऱ्याची पोर, एकोणीस वर्षांची. बारावी झाली आणि ताप आला म्हणून दाखवायला नेली तर किडनीचं निघालं. तिच्या अंगात मरून रंगाची हुडी असायची. समोरून चेन, डोक्यावर टोपी, दोऱ्या ओढल्या की नाकाचा शेंडा तेवढा दिसायचा. डावी बाही तिच्या आईनं मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत उसवून टाकली होती आणि सेफ्टी पिनांनी अडकवली होती. आई म्हणजे कस्तुराबाई. बोलायची कमी. बाप जनावरं घेऊन चारा छावणीत राहिला होता, म्हणून या दोघीच यायच्या. सिंधू मात्र बोलघेवडी. धोंडप्पाला काका म्हणायची, आणि पाट्या रंगवायच्या गोष्टी त्याच्याकडून पुन्हापुन्हा ऐकायची.

"काका, उस्मानाबाद पुसताना एखादं दुकान राहिलं असंल की."

"राहिलंय ना. एक आडत दुकान हाय. म्हातारा म्हनला, माझा जिल्हा मीच ठरवतो."

असं काही निघालं की ती टोपीच्या आतून खुदखुदायची, आणि मशीनचा गजर वाजायचा, आणि नर्स म्हणायची, हात हलवू नको गं.

शनिवारी हुडीचं बोलणं तिच्यापुढं निघालं तेव्हा सिंधूच म्हणाली, "काकू, माझीच घेऊन जावा मापाला. मंगळवारी आना."

"आन् तुला?"

"निघताना काढून देते ना. घरी कुटं लागती? घरी तर उकडून जीव जातोय." मग पिनांच्या बाहीकडं बोट करून म्हणाली, "फक्त हितं मला पन चेन लावून द्या. पिना टोचत्यात."

कस्तुराबाईनं हुडी घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. परतीच्या एसटीत ती शिवगंगाच्या मांडीवर होती.

रविवारी सकाळी ती कपड्याच्या गल्लीत गेली. आतून मऊ, लव असलेलं विणीचं कापड पाहिजे म्हणाली तर दुकानदारानं आधी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "अक्का, हिवाळा जाऊन दोन महिने झाले." पण माणूस ओळखीचा. माळ्यावर चढला, गठ्ठे खालीवर केले आणि राखाडी रंगाचा उरलेला तुकडा काढून दिला. मनगटाला नि कमरेला लावायची ताणपट्टी तेवढी काळी मिळाली. चेन घेतली ती घरी येऊन बघते तर खालून बंद. अशी चेन छातीला लावली तर कपडा पुन्हा डोक्यातूनच घालावा लागणार. परत गेली. खालून सुटणारी लांब चेन घेतली, आणि बाह्यांसाठी दोन आखूड. एक नवऱ्याच्या, एक सिंधूच्या.

जेवणं झाल्यावर तिनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि सिंधूची हुडी त्यावर उलटी ठेवली. कडेकडेनं खडू फिरवला. पोरगी अंगानं चिमणीएवढी आणि धोंडप्पा आता सुजेनं फुगलेला, तेव्हा माप वाढवत गेली. छातीला चार बोटं, पोटाला सहा. बाही समजली, पाठ समजली. टोपी समजेना. दोन तुकडे मधून जोडलेले एवढं दिसत होतं, पण गळ्याशी ते कसे बसवलेत हे बाहेरून कळत नव्हतं. उसवून बघायला तिचा हात धजला नाही. शेवटी ती हुडी तिनं स्वतःच घातली, टोपी डोक्यावर ओढली आणि आरशासमोर उभी राहून बोटांनी शिवण चाचपत राहिली. पन्नाशीची बाई, नऊवारी नाही पण डोक्यावरनं पदर घेणारी, आणि अंगात मरून हुडी. पलंगावरून धोंडप्पा बघत होता.

"कॉलेजात चालली काय?" तो म्हणाला.

पुष्कळ दिवसांनी दोघं हसली.

पण ते कापड तिच्या मशीनला ऐकेना. ब्लाउजच्या कापडावर मशीन कसं पाण्यासारखं चालायचं. इथं सुई टाके गाळायला लागली. दोन टाके धरायची, तिसरा सोडायची. ओढलं की शिवण उघडी. सोमवारी सकाळी ती मशीन दुरुस्त करणाऱ्या अमृतरावांकडं गेली. त्यांनी कापड बोटांत ताणून बघितलं आणि गोल टोकाची सुई काढून दिली. "विणीच्या कापडाला टोकदार सुई भोकं पाडती. ही धागा बाजूला सारून जाती. आन् शिवताना ओढू नका. कापडाला त्याच्या मनानं जाऊ द्या."

कापड त्याच्या मनानं गेलं, आणि चेनीपाशी नागमोडी झालं. समोरची उजवी बाजू वर, डावी खाली. तिनं ब्लेडनं सगळी उसवली. पुन्हा लावली, पुन्हा लाटा. तिसऱ्यांदा तिनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, कापडाखाली घातल्या, आधी हातानं धावदोरा मारून घेतला आणि मग कागदासकट मशीन चालवलं. कागद ताणत नाही, म्हणून कापडही ताणलं नाही. शिवण सरळ उतरली. मग बोटांनी कागद फाडून काढत ती बसली, आणि मशीनभोवती बातम्यांचे बारीक बारीक तुकडे पडले. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. रेल्वेनं पाणी आणायचं चाललंय.

संध्याकाळपर्यंत सिंधूच्या बाहीची चेन लावून झाली. धोंडप्पाची हुडी अर्धवट राहिली. धड झालं होतं, टोपी नि बाह्या बाकी होत्या. सिंधूची तिनं घडी करून डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली.

मंगळवारी पहाटे उठताना धोंडप्पाचे पाय इतके सुजले होते की चप्पल जाईना. शनिवार ते मंगळवार, तीन दिवसांचं अंतर त्याला दरवेळी जड जायचं. गाडीत त्याला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की दम लागायचा. साठ-सत्तर किलोमीटर तो पुढच्या बाकाची दांडी धरून बसून राहिला, आणि शिवगंगा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

सेंटरच्या दारात मशिनी चालवणारा मारोती उभा होता. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं की काहीतरी बिघडलंय.

"टँकर आला न्हाई," मारोती म्हणाला. "कालपासून फोन करून राहिलो. एका माणसाला दहा-बारा घागरी पानी लागतंय. टाकीत हाय ते तिघांपुरतं."

सकाळच्या पाळीला चौघं असायचे. दोघंजण लवकर येऊन मशीनला लागलेही होते. राहिले सिंधू आणि धोंडप्पा. भिंतीवरच्या यादीत सिंधूचं नाव तिसरं होतं, धोंडप्पाचं चौथं.

सिंधू आणि कस्तुराबाई बाकावर बसल्या होत्या. पोरीचा चेहरा थोडा पिवळट होता, पण ती नेहमीच पिवळट असायची. शिवगंगाला बघून तिनं हात हलवला.

शिवगंगानं त्या वेळी फार विचार केला असं नाही. पुढं कितीतरी दिवस तिनं तो क्षण पुन्हापुन्हा काढून बघितला, पण त्यात विचार असा सापडत नाही. नवऱ्याचा दम तिला ऐकू येत होता, एवढंच.

"मारोतीभाऊ, यांना घ्या," ती म्हणाली. "आमी उदगीरहून आलाव. यांना परत न्यायचं म्हनलं तर गाडीतच काय व्हईल सांगता येत न्हाई. ही पोरगी रेणापूरची. अर्ध्या घंट्याची वाट. उद्या टँकर आला की येईल."

"यादी हाय ना, अक्का."

"यादी माणसासाठी हाय का माणूस यादीसाठी? पाय बघा त्यांचे. बघा की!" तिचा आवाज चढला. आतल्या पलंगावरचे लोक मान वळवून बघायला लागले. "चार महिने झाले येतोय, कधी तोंड उघडलं का मी? आज म्हनायली."

बाकावरून धोंडप्पानं हात उचलला. "शिवगंगे, यादीपरमानं व्हऊ दे." पण मधेच त्याला खोकला आला, आणि ती त्याच्यावरच ओरडली, "तुमी गप बसा."

मारोतीनं कस्तुराबाईकडं बघितलं. कस्तुराबाईनं पदराचं टोक तोंडाशी धरलं, पोरीकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. तिचे ओठ हलल्यासारखे झाले. बोलली काहीच नाही.

बोलली ती सिंधूच. "घ्या काकांना. मी उद्या येते. मला काय झालंय? रेणापूर जवळ तर हाय."

पाच मिनिटांत धोंडप्पा पलंगावर होता आणि त्याच्या हातात सुया गेल्या होत्या. शिवगंगा बाहेर आली तेव्हा मायलेकी निघून गेल्या होत्या. हुडी पिशवीच्या तळाशी तशीच राहिली. तिला वाटलं, गुरुवारी देऊ.

परतीच्या गाडीत धोंडप्पाचा दम बसला होता. सूज उतरली होती. पण उदगीर येईपर्यंत तो खिडकीकडं तोंड करून बसला. घरी आल्यावर तिनं भाकरी वाढली तर म्हणाला, "तिची आई बोलाया पायजे हुती." एवढंच. तिनं बुधवारी मशीन उघडलं, टोपीचे दोन तुकडे जोडले आणि गळ्याला बसवले. बाह्या टाचून ठेवल्या.

गुरुवारी ती दोघं पोचली तेव्हा टँकर दारात उभा होता. पाइप लावून टाकी भरून घेणं चाललं होतं. शिवगंगाला एवढं बरं वाटलं की तिनं वाटेतच पिशवीतून मरून हुडी काढून हातात घेतली.

शेजारचा पलंग रिकामा होता.

"सिंधू आली न्हाई आजून?"

मारोती मशीनच्या नळ्या बसवत होता. त्यानं हात थांबवले नाहीत. "काल दोघी आल्या हुत्या. दिवस मावळेपर्यंत बाहेर बसल्या. टँकर आलाच न्हाई. मी म्हनलो, दुसऱ्या गावाला हलवा, पर गाडी कुटली? गेल्या परत." मग त्यानं नळी लावली, स्क्रू फिरवला, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "आज पहाटे दम लागला. जीपमदी घातलं. लातूरच्या अलीकडंच गेली."

धोंडप्पा पलंगाच्या कडेवर बसला होता, एक चप्पल पायात, एक हातात. त्यानं ऐकलं होतं. नर्स म्हणाली, "काका, आडवं व्हा." तो आडवा झाला. सुया टोचताना नेहमी तो तोंड फिरवायचा, त्या दिवशी त्यानं फिरवलं नाही. दोन्ही सुया आत जाईपर्यंत बघत राहिला. मग थंडी वाजायला लागली. शिवगंगाच्या हातात ती मरून हुडी होती आणि नवरा थरथरत होता. ती त्याच्यावर घालणं तिला जमलं नाही. तिनं ती पिशवीत ठेवली आणि त्याचे तळपाय चोळायला बसली.

पाचव्या दिवशी ती एकटी रेणापूरला गेली. घर विचारत विचारत सापडलं. अंगणात हौद होता, कोरडा; त्यात कुणीतरी मोकळ्या घागरी रचून ठेवल्या होत्या. बाप छावणीतून आला होता, भिंतीशी गुडघ्यांत मान घालून बसला होता. कस्तुराबाईनं तिला बघितलं आणि आत घेतलं. पाण्याचा अर्धा तांब्या पुढं ठेवला. शिवगंगानं तो तोंडाला लावला नाही.

तिनं गाडीत येताना बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरली.

"माझ्यामुळं झालं, बाई," ती म्हणाली. "मी भांडले. तिची पाळी हुती."

कस्तुराबाईनं तांब्या जरा पुढं सरकवला. मग म्हणाली, "व्हय. तुमी भांडल्या."

शिवगंगा मान खाली घालून बसली.

"तुमाला भांडता आलं," कस्तुराबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, सपाट होता. "मी तितंच हुते की. माझ्या तोंडात आलं हुतं, यादीत लेकीचं नाव तिसरं हाय. तोंडात येऊन बसलं. मोठी माणसं, लांबून आल्याली, कसं म्हनावं. आयुष्यात कुनाला न्हाई म्हनले न्हाई मी. मालकाला न्हाई, सासूला न्हाई. तितं तरी म्हनायचं हुतं." ती थांबली. "तुमच्यावर राग हाय माझा. राहील. पर तुमच्याहून माझा माझ्यावर हाय. तो कुटं न्हेऊन टाकू?"

शिवगंगानं पिशवीतून हुडी काढून दोघींच्या मधे ठेवली. कस्तुराबाईनं ती उचलली, डावी बाही हातावर घेतली, आणि चेन मनगटापासून कोपरापर्यंत वर ओढली. चेन सुरेख चालली, कुठं अडली नाही. तिनं ती पुन्हा खाली आणली. पुन्हा वर. भिंतीशी बसलेला बाप त्या आवाजानं मान उचलून बघायला लागला, आणि मग तोंड पंच्यात घालून रडायला लागला.

"चांगली लावली," कस्तुराबाई म्हणाली. "जावा आता. गाडी चुकंल."

तिला वेशीपर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. तिनं अपेक्षाही केली नव्हती.

धोंडप्पाची हुडी मशीनवर तशीच पडून होती, बाह्या टाचलेल्या. आठवडाभर शिवगंगानं तिच्यावर धुतलेले कपडे ठेवले, ती दिसू नये म्हणून. धोंडप्पानंही विषय काढला नाही. पण थंडी थांबली नव्हती. पुढच्या मंगळवारी त्याला इतकी हुडहुडी भरली की मशीन दोनदा बंद करावं लागलं, आणि नर्स शिवगंगावर चिडली, घरी काही गरम कपडा नाही का यांना? त्या दिवशी घरी आल्यावर तिनं मशीनवरचे कपडे बाजूला केले. बाह्या शिवल्या. डाव्या बाहीची चेन लावली. कागदाच्या पट्ट्या फाडल्या. एवढी सरळ शिवण तिनं पूर्वी कधी काढली नव्हती, आणि ते बघून तिला स्वतःचीच किळस आली.

गुरुवारी धोंडप्पानं ती घातली. मारोतीनं बाहीची चेन उघडली, सुया टोचल्या, चेन कोपराशी ठेवली. थंडी वाजली, पण दात वाजले नाहीत. शेजारच्या पलंगावर आता अहमदपूरचा एक किराणा दुकानदार होता, नवीनच. तो सारखा विचारत होता, किती दिवस लागतात बरं व्हायला. कुणी त्याला सांगत नव्हतं.

"शिवगंगे," धोंडप्पा म्हणाला.

"काय?"

"टोपी पुढं वढ. डोळ्यावर."

तिनं टोपी ओढली. दोऱ्या आवळल्या. त्याच्या चेहऱ्याचा नाकाखालचा भाग तेवढा बाहेर राहिला, आणि चार तास तो तसाच पडून होता. झोपला नव्हता. मधूनच त्याची हनुवटी थरथरायची.

एप्रिलात रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनावर लोक बघायला गेले, कुणी हार घातले. सेंटरचा टँकर नेमानं यायला लागला आणि यादीवरून कुणाला परत जावं लागलं नाही. जूनमध्ये पाऊस आला, आणि त्या वर्षी नको इतका आला. धोंडप्पा मंगळवार, गुरुवार, शनिवार जात राहिला. पाट्यांच्या गोष्टी त्यानं पुन्हा कुणाला सांगितल्या नाहीत. जिल्ह्याच्या मोर्चासाठी फलक लिहायला पोरं आली तर म्हणाला, हात कापतोय. भाद्रपदात एका सकाळी, चहाची कपबशी हातात असताना, तो गेला. नात्यातल्या लोकांनी लिंगायत रीतीप्रमाणं त्याला बसवून मठाच्या मागच्या जमिनीत पुरलं. पावसानं माती भिजलेली, खड्डा लवकर झाला. अंगावर नवं धोतर होतं. हुडी शिवगंगानं धुतली, वाळवली आणि मशीनच्या खालच्या खणात ठेवली.

दिवाळीनंतर मारोतीचा फोन आला. अहमदपूरच्या दुकानदाराच्या घरच्यांनी धोंडप्पाची हुडी बघितलेली, त्यांना तशीच पाहिजे होती. चेनच्या बाहीची. आणखी दोघांना पाहिजे होती. थंडी सुरू झाली होती.

"अक्का, मापं पाठवू का?"

शिवगंगा मशीनवर बसली होती. समोर ब्लाउज होता, लाल, हुकं लावायचा राहिलेला.

"मला येत न्हाई ते शिवाया," ती म्हणाली.

"आसं कसं? काकांची तर..."

"न्हाई येत," ती म्हणाली, आणि फोन ठेवून हुकं लावायला घेतली.